पॉवरशेलने तारखेचे फोल्डर: फोंड्याच्या फोटो स्टुडिओतून रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. तुमचा फोटो-व्हिडिओचा धंदा असेल, स्कॅनिंग-डीटीपीचं दुकान असेल, नाहीतर अशी कुठलीही जागा जिथे रोज नव्या फायली येऊन पडतात, तर विंडोजबरोबर फुकट येणारं पॉवरशेल (कमांड लिहून कॉम्प्युटरकडून कामं करून घ्यायचं साधन) वापरून आजच्या तारखेचा फोल्डर एका क्लिकवर बनवायची सोय करून घ्याच. मी फोंड्यात स्टुडिओ चालवतो, लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंगं आणि सीझनला जत्रांमधली नाटकं असं सगळं शूट करतो, आणि या एका कामासाठी बॅच फाइल, पॉवरशेल, ऑटोहॉटकी असं तिन्ही वापरून बघितलंय. माझ्या मते पॉवरशेल सगळ्यात वर. का ते सविस्तर लिहितो, कारण इंग्रजीत याच्यावर भरपूर वाचायला मिळतं पण त्यात आपल्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या कामाचा विचार कुणी केलेला नसतो, आणि देवनागरीत नावं देणाऱ्यांचा तर नाहीच.

आधी तारीख कुठल्या क्रमाने लिहायची ते बघू, कारण ते चुकलं तर स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल, कितीही भारी असली तरी उपयोग नाही. आपण सगळे लहानपणापासून दिवस-महिना-वर्ष असंच लिहितो, चेकवर तसंच, पत्रिकेवर तसंच, आणि कागदावर ते बरोबरच आहे, पण फोल्डरच्या नावात ते घातलं की कॉम्प्युटर नावाप्रमाणे लावताना डावीकडून वाचत येतो आणि 01-12-2024 हा डिसेंबरचा फोल्डर 02-01-2024 या जानेवारीच्या फोल्डरच्या डोक्यावर जाऊन बसतो. सांजाव या आमच्याकडच्या सणाचे फोटो 24-06-2023, 24-06-2024, 24-06-2025 असे तीन वर्षांचे एकाखाली एक येतात आणि त्याच जूनमधलं बाकीचं काम कुठेतरी भलतीकडे. वर्ष आधी, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस, म्हणजे 2025-06-24, असं लिहिलं की नावाची यादी हीच तारखेची यादी होते, वेगळं काही करावं लागत नाही. ही काही माझी पद्धत नाही, आयएसओ 8601 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, 1988 मध्ये पहिल्यांदा आलं, आणि बँकेचं सॉफ्टवेअर असो की सर्व्हरची लॉग फाइल, तारीख बहुतेक अशीच लिहिलेली असते. आणि पुढचं शून्य सोडू नका हां. विंडोजचा एक्सप्लोरर आकडे ओळखून लावतो म्हणून 2025-6 आणि 2025-10 तिथे चालून जातं, पण तीच हार्ड डिस्क दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की 10 आधी आणि 6 नंतर येऊ शकतो.

काहीजण म्हणतात की एवढं कशाला, डेट मॉडिफाइडवर क्लिक करायचं आणि लावून घ्यायचं. नाही होत बाबा तसं. फोल्डरमध्ये नवी फाइल टाकली की ती तारीख बदलते, आणि सगळा डेटा नव्या हार्ड डिस्कवर कॉपी केला की क्रिएटेडच्या रकान्यात सगळ्या फोल्डरना कॉपी केल्या दिवसाची तारीख येते, म्हणजे पाच वर्षांचं काम एकाच दिवशी झाल्यासारखं दिसतं. नावात लिहिलेली तारीख मात्र कुठेही न्या, पेन ड्राइव्हवर न्या, क्लाउडवर टाका, तशीच राहते. म्हणूनच ती नावात हवी.

आता बॅच फाइल. गोव्यातल्या कितीतरी दुकानांत अजून हीच चालते आणि तिला मी वाईट म्हणणार नाही. नोटपॅडमध्ये एकदोन ओळी लिहायच्या, शेवटी डॉट बीएटी लावून सेव्ह करायचं, डबल क्लिक केलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत फोल्डर तयार. जुन्यातल्या जुन्या मशीनवर पण पळते. अडचण एकच आहे पण मुळातलीच आहे. परसेंटच्या दोन चिन्हांमध्ये डेट लिहिलं की बॅच फाइलला आजची तारीख मिळते, पण ती मिळते विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जशी असेल तशी. भारताचं इंग्लिश सेटिंग असेल तर 24-06-2025. अमेरिकेचं असेल तर आधी वाराची तीन अक्षरं, मग 06/24/2025. आणि बॅच फाइलमध्ये आपण वर्ष-महिना-दिवस वेगळे काढतो ते अक्षरं मोजून, म्हणजे शून्यापासून मोजत सहाव्या जागेपासून चार अक्षरं घे, तिसऱ्यापासून दोन घे, असं. हीच फाइल आखातातून कुणी आणलेल्या, अमेरिकन सेटिंगवर असलेल्या लॅपटॉपवर चालवली की वर्षाच्या जागी /24/ हे येतं, आणि तिरकी रेघ तर विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात चालतच नाही, मग काळ्या खिडकीत एरर येऊन ती बंद. वेळ पण नावात घालायची म्हटलं तर आणखी एक, सकाळी दहाच्या आधी तासाच्या पुढे शून्य न येता मोकळी जागा येते, त्यामुळे अवतरण चिन्हं न लावता लिहिलेली कमांड एकाऐवजी दोन फोल्डर बनवते, अर्धं नाव एकाला, अर्धं दुसऱ्याला. शिवाय वेळेतला कोलन पण नावात चालत नाही. याच्यावर पूर्वी डब्ल्यूएमआयसी नावाच्या कमांडचा उपाय सगळीकडे सांगायचे, ती रीजन सेटिंग न बघता सलग आकड्यांत तारीख द्यायची, पण मायक्रोसॉफ्टने ती विंडोज 10 च्या काळातच बंद करायच्या यादीत टाकली आणि विंडोज 11 च्या नव्या व्हर्जनमध्ये ती आपोआप मिळत नाही. म्हणजे जुन्या पोस्टमधून कॉपी करून आणलेली बॅच फाइल नव्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही, हे धरूनच चाला.

पॉवरशेल 2006 पासून आहे, आणि विंडोज 10, 11 मध्ये त्याचं 5.1 व्हर्जन आधीपासूनच असतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. कमांडचं नाव न्यू-आयटम. तिला आयटम-टाइप डिरेक्टरी सांगायचं, पाथ म्हणजे फोल्डर कुठे बनवायचा ती जागा द्यायची, आणि नावाच्या जागी कंसात गेट-डेट, त्याच्यापुढे डॅश फॉरमॅट, आणि अवतरणात चार स्मॉल वाय, डॅश, दोन कॅपिटल एम, डॅश, दोन स्मॉल डी. झालं. रीजन भारताचं असो नाहीतर अमेरिकेचं, उत्तर 2025-06-24 हेच. इथे कॅपिटल आणि स्मॉल एम सांभाळा, कारण स्मॉल एम म्हणजे मिनिटं, आणि सकाळी 10 वाजून 37 मिनिटांनी चालवलं तर फोल्डरचं नाव 2025-37-24 येईल, एरर काही येणार नाही, आणि मिनिट 1 ते 12 मधलं असेल तर ते नाव खऱ्या तारखेसारखंच दिसेल, म्हणून कुणाच्या लक्षातही येणार नाही. शेवटी डॅश फोर्स लावा. नाव ऐकून भीती वाटते पण फोल्डरच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की आधीपासून असेल तर कुरकुर करू नको, आतल्या फायलींना ते हात लावत नाही. मधले फोल्डर नसतील तर तेही न्यू-आयटम आपणच बनवते, म्हणजे 2025 च्या आत 2025-06 आणि त्याच्या आत दिवसाचा, असं सगळं एका फटक्यात होतं. फक्त हे तिन्ही एकाच फॉरमॅटमध्ये उलटी तिरकी रेघ घालून लिहायला जाऊ नका, तिथे त्या रेघेचा अर्थ पुढचं अक्षर जसंच्या तसं छाप असा होतो आणि नावाची वाट लागते. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे काढून जॉइन-पाथ या कमांडने जोडायचे, हे सगळ्यात सुरक्षित.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते.

आपल्याकडचं काम रात्री बाराला संपत नाही. जत्रेतलं नाटक सुरूच रात्री उशिरा होतं, सत्तरी-पेडण्याकडचे दशावतारी काले, म्हणजे जत्रेतली लोकनाट्यं, पहाटेपर्यंत चालतात, शिगम्याच्या मिरवणुका लांबत जातात, आणि 31 डिसेंबरच्या पार्टीचं शूट तर असतंच दोन तारखांच्या मधे. नाटकाचा पहिला अंक आदल्या तारखेला आणि शेवटचा दुसऱ्या तारखेला, आणि मेमरी कार्ड मधेच भरलं म्हणून कुणी रात्री अडीच वाजता कॉपी करायला बसला की साधी स्क्रिप्ट इमानदारीत नव्या तारखेचा फोल्डर बनवते, आणि एकाच कार्यक्रमाचे दोन तुकडे दोन फोल्डरमध्ये जातात. आल्बम करताना अर्धे फोटो शोधत बसा. पंचांगात तरी वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही, आणि आपली कामंही त्याच हिशोबाने चालतात, तर फोल्डरनेही तसंच चालायला हवं ना.

पॉवरशेलमध्ये याला एवढंसंच लागतं. गेट-डेट कंसात लिहायचं, पुढे डॉट ॲड-अवर्स आणि कंसात उणे आठ, मग डॉट टू-स्ट्रिंग आणि तोच फॉरमॅट. म्हणजे घड्याळातली वेळ आठ तास मागे नेऊन मग तारीख काढ. रात्री अडीचला चालवलं तर त्याच्या हिशोबाने अजून आदल्या संध्याकाळचे साडेसहाच वाजलेत, तारीख आदली. सकाळी पावणेआठला दमून-भागून घरी येऊन कॉपी केलं तरी आदलीच. आठ वाजले की नवी तारीख सुरू. माझं दुकान त्याच्यानंतर उघडतं म्हणून मला उणे आठ बरोबर बसतं, ज्यांचं काम पहाटेच सुरू होतं, म्हणजे दूधवाले, बेकरीवाले, पेपरचे एजंट यांनी त्यांचा हिशोब ठेवताना उणे तीन किंवा चारच ठेवावं. हा आकडा स्क्रिप्टमध्ये अगदी वर एका ओळीत वेगळा ठेवा म्हणजे सीझनप्रमाणे बदलता येतो.

आणि इथेच बॅच फाइल मागे पडते, कारण तिला तारखेची वजाबाकी येतच नाही. 1 जानेवारी 2025 च्या रात्री दोन वाजता एक दिवस मागे जायचं म्हणजे दिवस, महिना, वर्ष तिन्ही बदलायचे. 1 मार्च 2024 च्या पहाटे मागे गेलं तर 29 फेब्रुवारी यायला हवा, 2025 मध्ये 28. हे सगळं बॅचमध्ये स्वतः लिहायचं म्हटलं तर पानभर होतं आणि त्यात एक जरी अट राहिली तरी वर्षातून एकदाच चूक दाखवते, ती पण नेमकी गर्दीच्या दिवशी. पॉवरशेल लीप वर्ष, महिनाअखेर, वर्षअखेर सगळं स्वतः सांभाळतं. 31 च्या रात्रीचं सगळं काम 2024 च्या फोल्डरमध्ये, 2024-12-31 या नावाखाली, एकत्र. नुसतं एवढ्यासाठी जरी पॉवरशेल शिकलात तरी पैसे वसूल, म्हणजे पैसे द्यायचेच नाहीत पण तरी.

आता नाव. नुसती तारीख पुरत नाही, त्याच्यापुढे कार्यक्रमाचं नाव हवं, आणि त्याचं कारण आपले सण. सांजाव दरवर्षी 24 जूनलाच येतो, मुक्तिदिन 19 डिसेंबरलाच, पण शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी भाद्रपदात, माशेलचा चिखलकालो आषाढात, हे सगळे तिथीप्रमाणे येतात आणि इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. गिऱ्हाईक दोन वर्षांनी येऊन विचारतं की त्या जत्रेतला आमच्या वाड्यावरचा फोटो आहे का, तेव्हा ती जत्रा तेव्हा कुठल्या तारखेला होती हे कुणाला आठवणार? तारखेमुळे क्रम लागतो, नावामुळे सापडतं, दोन्ही पाहिजे. म्हणून स्क्रिप्टने आधी नाव विचारावं अशी सोय केली. काळ्या खिडकीत रीड-होस्ट या कमांडने विचारता येतं, पण तिथे देवनागरी टाइप केलं की अक्षरं चौकोनी दिसतात नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात, आणि आपण काय लिहिलं तेच कळत नाही. त्यापेक्षा व्हिज्युअल बेसिकचा जुना इनपुट-बॉक्स पॉवरशेलमधून बोलावता येतो, ॲड-टाइपची एक ओळ लागते, मग छोटीशी खिडकी उघडते आणि त्यात मराठी एकदम स्वच्छ दिसतं. मी दोन खिडक्या ठेवल्यात. पहिलीत तारीख आधीच भरलेली असते, बरोबर असेल तर एंटर मारायचा, शनिवारच्या लग्नाचं कार्ड सोमवारी कॉपी करत असाल तर तिथेच बदलायची. दुसरीत नाव. नाव न देता एंटर मारला तर नुसत्या तारखेचा फोल्डर होतो. आणि कुणी नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह टाकलंच तर त्याच्या जागी डॅश घालायची एक ओळ ठेवा, कारण ही चिन्हं विंडोजला चालत नाहीत आणि लग्नाच्या नावात दोन आडनावांच्या मधे तिरकी रेघ टाकायची सवय बऱ्याच जणांना असते.

मराठीवाल्यांनी ही एक गोष्ट नीट वाचा, बाकी कुठे सापडायची नाही पटकन. स्क्रिप्टच्या आतच देवनागरी लिहायचं असेल, म्हणजे प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये मूळ, निवडलेले, फायनल असे आतले फोल्डर आपोआप व्हायला हवे असतील, तर फाइल सेव्ह करताना नोटपॅडच्या सेव्ह ॲज खिडकीत खाली एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8 विथ बीओएम हे निवडा (बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला असलेली, आपल्याला न दिसणारी खूण). विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल 5.1 बीओएम नसलेली फाइल जुन्या पद्धतीने वाचतं आणि तुमच्या मूळ फोल्डरचं नाव टोप्या-टिंबं घातलेल्या परदेशी अक्षरांचा ढीग होऊन बसतं. नोटपॅड हल्ली डीफॉल्टने बीओएम नसलेलं यूटीएफ-8 देतं म्हणून हे प्रत्येकाला एकदा तरी भेटतंच. पॉवरशेल 7 मध्ये ही भानगड नाही पण ते वेगळं डाउनलोड करावं लागतं. खिडकीत टाइप केलेल्या नावाला हे काही लागू नाही, फक्त स्क्रिप्टच्या मजकुराला.

आता ज्याच्यावरून मी मार्क कापणार आहे ते. बॅच फाइल डबल क्लिकवर चालते, पॉवरशेलची डॉट पीएस1 फाइल डबल क्लिक केली की नोटपॅडमध्ये उघडते. हे मुद्दाम तसं ठेवलंय, मेलमधून आलेली स्क्रिप्ट चुकून चालू नये म्हणून, आणि कारण चांगलंच आहे, पण दुकानातल्या पोराला हे काय समजणार. शिवाय घरगुती विंडोजवर स्क्रिप्ट चालवायची परवानगी सुरुवातीला बंदच असते, रिस्ट्रिक्टेड म्हणतात त्याला. उपाय असा की डेस्कटॉपवर शॉर्टकट करायचा, त्यात पॉवरशेल, मग डॅश एक्झिक्युशनपॉलिसी बायपास, मग डॅश फाइल आणि स्क्रिप्टचा पाथ. म्हणजे सगळ्या मशीनचं सेटिंग न बदलता तेवढी एकच स्क्रिप्ट चालते. शॉर्टकटला कॅमेऱ्याचा आयकॉन लावला, नाव दिलं नवीन काम, आणि टास्कबारवर पिन केला. आता दुकानात कुणीही असो, कार्ड घातलं की आधी तो आयकॉन. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर 2, न्यू फोल्डर फायनल असली नावं दिसायची बंद झाली, आणि खरं सांगतो, या एका बदलाने दुकानातली जेवढी चिडचिड कमी झाली तेवढी नव्या लेन्सने पण झाली नसती.

जुन्या मशीनवर पॉवरशेल उघडायला क्षणभर लागतो, बॅचसारखं झटकन नाही, हेही सांगून ठेवतो.

टास्क शेड्युलरला लावून रोज सकाळी आपोआप फोल्डर बनवता येतो, आणि ज्यांच्याकडे खरंच रोज काम येतं, म्हणजे पॅथॉलॉजी लॅब, अकाउंटंट, झेरॉक्सवाले, त्यांना ते उत्तम. तिथे एक खूण नक्की करा, ठरलेली वेळ चुकली तर नंतर जमेल तितक्या लवकर चालव, अशा अर्थाची ओळ सेटिंग्जच्या टॅबमध्ये आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, मशीन नेमकं त्या वेळी बंद असलं तर त्या दिवसाचा फोल्डर होतच नाही. आमच्यासारख्यांना मात्र हे नको, कारण जूनपासून चवथीपर्यंत काम कमी आणि रिकाम्या फोल्डरची रांग लागते. काम आलं की बनवणं बरं.

घड्याळ बरोबर असायला हवं हे वेगळं सांगायला नको पण सांगतो. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, बहुतेक वेळा सीआर2032, ती उतरली की वीज गेल्यावर मशीन चालू होतं ते कुठल्यातरी भलत्याच वर्षात. इंटरनेट असेल तर विंडोज वेळ सुधारून घेतं पण त्याला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात स्क्रिप्ट चालवली की फोल्डर दहा-पंधरा वर्षं मागे. बॅटरी फार महाग नसते, बदलून टाका. स्क्रिप्टमध्ये पण एक अट घालता येते की वर्ष 2025 च्या आधीचं आलं तर फोल्डर न बनवता इशारा दे, मी ती घातली आहे.

फोटो नेमका कधी काढला त्या तारखेप्रमाणे वाटणी हवी असेल तर ते या स्क्रिप्टचं काम नाही. त्याला एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे, ते फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख वाचून फायली त्या त्या तारखेच्या फोल्डरमध्ये हलवतं. चार दिवसांच्या गणपतीचं एकच कार्ड असेल तर ते मस्त, पण रात्रीच्या नाटकाचे तुकडे तिथे परत होतातच, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर सगळंच चुकतं. दोन कॅमेरे असतील तर कामाला जायच्या आधी दोन्हींची वेळ एक करून घ्या.

ऑटोहॉटकीबद्दल थोडक्यात. फुकट आहे, छान आहे, आणि ज्यांना फोल्डर वेगवेगळ्या जागी बनवायचे असतात त्यांना कदाचित तेच जास्त आवडेल. ठरलेली दोन-तीन अक्षरं टाइप केली की त्या जागी आजची तारीख येते, म्हणजे एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून नवा फोल्डर घ्यायचा आणि ती अक्षरं मारायची. हे एक्सेलमध्ये, मेलमध्ये, सगळीकडे चालतं. पण ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, सतत चालू ठेवावं लागतं, 2022 च्या शेवटी आलेल्या व्हर्जन 2 मध्ये लिहायची पद्धत बदलली त्यामुळे जुनी उदाहरणं तशीच चालत नाहीत, आणि काही अँटीव्हायरस त्याच्यावर संशय घेतात. घरच्या लॅपटॉपवर ठेवा, दुकानात चारजण वापरतात त्या मशीनवर मी ठेवणार नाही.

मॅकवाल्यांचं आणि लिनक्सवाल्यांचं सोपं आहे, त्यांना टर्मिनलमध्ये एमकेडीआयआर, डॅश पी, आणि डॉलर-कंसात डेट, अधिक, परसेंट, कॅपिटल एफ एवढंच लागतं, तो कॅपिटल एफ म्हणजेच वर्ष-महिना-दिवस. रात्रीचा हिशोब मात्र दोघांचा वेगळा. मॅकवर डॅश व्ही लावून उणे 8 कॅपिटल एच, लिनक्सवर डॅश डी लावून अवतरणात 8 अवर्स अगो. एकाची ओळ दुसऱ्यावर चालत नाही. लिनक्सवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवायच्या सोयीत, लावणार असाल तर परसेंटच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर क्रॉन परसेंटपाशी कमांड तोडतं आणि फोल्डर का होत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

मार्क द्यायचे तर पॉवरशेलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो डबल क्लिक आणि बीओएमच्या भानगडीसाठी, कारण पहिल्या दिवशी नवखा माणूस तिथेच अडकतो. बॅच फाइलला तीन, एकच मशीन, भारताचं सेटिंग आणि संध्याकाळी सातला बंद होणारं दुकान असेल तर ती पुरते, बदलायची घाई नको. ऑटोहॉटकीला साडेतीन. फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठलाही स्टुडिओवाला असाल आणि सीझन सुरू व्हायच्या आधी हे लावून घेणार असाल तर स्क्रिप्टमधल्या दोनच ओळी स्वतःच्या हिशोबाने बदलायच्या, एक डेटा कुठल्या ड्राइव्हवर जातो तो पाथ आणि दुसरी ते उणे आठ.